बूट न होणाऱ्या तबकडीची कैफियत

सेगा या जपानी कंपनीचे ड्रीमकास्ट हे खेळयंत्र २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानात विक्रीस आले, पुढील वर्षीच्या ९ सप्टेंबरला ते अमेरिकेत पोचले, आणि ३१ जानेवारी २००१ रोजी त्याचे उत्पादन बंद करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे ज्या यंत्राविषयी प्रस्तुत पुस्तिका लिहिली आहे त्याचे बाजारातील आयुष्य पुरती तीन वर्षेही भरले नाही. जगभर मिळून त्याचे सुमारे ९१ लाख नग खपले, आणि कंपनीने त्यानंतर घरगुती खेळयंत्रांच्या निर्मितीचा मार्गच सोडला. असे असूनही, मालकाने टाकलेल्या या यंत्रासाठी निरनिराळ्या देशांतील हौशी प्रोग्रॅमर आजही नवे खेळ रचतात, आणि एखाद्या कोऱ्या सीडीवर ते घरच्या घरी लिहून यंत्रात घालणे एवढ्यानेच ते चालू होऊ शकतात, ही गोष्ट मला विलक्षण मोलाची वाटते. अडचण उद्भवते ती याच ठिकाणी. सीडी लिहून होते, संगणक ती बिनचूक लिहिली गेल्याचा निर्वाळा देतो, यंत्राचे झाकण लागते, आतील मोटर फिरू लागते, आणि काही क्षणांनी पडद्यावर खेळाऐवजी यंत्राचा नेहमीचा मेनू येऊन उभा राहतो.

यानंतर सामान्यतः जे घडते त्याला शोध म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी सीडीचा ब्रँड बदलला जातो, लिहिण्याचा वेग कमी केला जातो, लेन्स पुसली जाते आणि अखेरीस यंत्र उघडून लेसरचा स्क्रूही फिरवला जातो. मग सीडी चालली तरी ती कशामुळे चालली हे कळत नाही, आणि न चालल्यास मूळचा दोष कोणता व आपण नव्याने निर्माण केलेला कोणता, याची शहानिशा करणे दुरापास्त होते. प्रस्तुत पुस्तिकेचा सारा भर या घाईला आवर घालण्यावर आहे. ड्रीमकास्ट कोणत्या पायरीवर येऊन थांबले हे नीट पाहणे हेच निम्म्याहून अधिक निदान होय, ही माझी दृढ धारणा आहे. आणि ती वाचकाला पटावी एवढ्याचसाठी यंत्राच्या अंतर्गत व्यवहाराची काही माहिती येथे आरंभीच देणे मला आवश्यक वाटते.

या यंत्राचे मूळ खेळ ज्या तबकडीवर येत तिला जीडी-रॉम म्हणतात. यामाहा कंपनीच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या तबकडीत मध्याजवळ साध्या सीडीच्या घनतेचा एक लहान पट्टा, त्याबाहेर डोळ्यांना दिसतील अशी अक्षरे असलेले एक वलय, आणि त्यापलीकडे कडेपर्यंत अधिक दाट लिहिलेला मोठा पट्टा अशी रचना असून एकंदर सुमारे १ गिगाबाइट मजकूर तीत मावतो. घरगुती रायटरला हा दाट पट्टा लिहिता येत नाही. त्यामुळे नक्कल रोखण्याचा हा बंदोबस्त सकृद्दर्शनी अभेद्य होता. परंतु त्याला एक दार खुद्द कंपनीनेच ठेवलेले होते. संगीताच्या सीडीला चित्रे व इतर करमणुकीची जोड देता यावी या हेतूने मिल-सीडी नावाचा एक प्रकार जपानात काढण्यात आला, आणि तो चालावा म्हणून साध्या घनतेच्या, दोन सत्रांत लिहिलेल्या सीडीवरूनही प्रोग्रॅम सुरू करण्याची मुभा यंत्राच्या मूळ संहितेत देण्यात आली. मिल-सीडी बाजारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. दार मात्र राहून गेले. २००० सालच्या मध्यास त्याचा भलताच उपयोग उघडकीस आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून तयार झालेल्या यंत्रांतून कंपनीने ही मुभा काढून घेतली.

म्हणून चौकशीचा आरंभ सीडीपासून करू नये, यंत्र उलटे करून करावा. तळाच्या पट्टीवर एका लहान वर्तुळात ०, १ किंवा २ असा आकडा असतो. ० किंवा १ असल्यास मुभा शाबूत आहे असे धरून पुढे जाण्यास हरकत नाही. २ असेल तर मात्र यंत्र कधी तयार झाले ते पाहणे भाग आहे, कारण २००० च्या अखेरीनंतरचे असे यंत्र उत्तमातील उत्तम लिहिलेली सीडीही बहुधा स्वीकारणार नाही, आणि मग त्याच्या मालकाने कितीही कोऱ्या सीडी खर्ची घातल्या तरी तो खर्च व्यर्थ होय. आपल्याकडे ही यंत्रे बहुतेक परदेशांतून, नातलगांच्या सामानातून किंवा जुन्या मालाच्या व्यापारातून येतात, तेव्हा त्याच पट्टीवर विजेचा दाबही वाचून घ्यावा. जपानी यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकन १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला सरळ जोडले तर पुढील सर्व प्रकरणे वाचण्याचे कारणच उरत नाही.

हक्कांविषयी चार शब्द येथेच लिहितो. मुभेचा उपयोग उघड झाल्यावर दुकानांत मिळणारे खेळ नक्कल करून वाटण्याची जी लाट उसळली तिने या यंत्राच्या कर्त्यांचे नुकसान केले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. आणि तसल्या नकलांची दुरुस्ती शिकवणे हा या पुस्तिकेचा उद्देश नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीर रीतीने आलेली आहे त्याला, ती नष्ट होण्याच्या भयापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची तरतूद ५२ व्या कलमात आहे. तिची मर्यादा तेवढीच. ज्यांचा विचार पुढील पानांतून केला आहे त्या सीडी म्हणजे कॅलिस्टी-ओएससारख्या मुक्त साधनांवर रचलेले, कर्त्यांनी स्वतःहून खुले केलेले खेळ, आणि वाचकाने स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम. शिवाय नकलांच्या बाबतीत एक तांत्रिक अडचणही आहे: १ गिगाबाइटचा खेळ ७०० मेगाबाइटच्या सीडीत कोंबण्यासाठी त्यातील ध्वनी व चित्रफिती छाटाव्या लागत, आणि ही छाटाछाट जेथे वाईट झाली तेथील दोष सीडी लिहिणाऱ्याला कितीही कौशल्य असले तरी निघत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. यंत्र सुरू झाले की प्रथम ते फिरत्या आवर्ताचे आपले चिन्ह दाखवते. या वेळी ते सीडीची रूपरेषा तपासत असते. तपासणीत काहीच हाती लागले नाही तर मेनू येतो. सीडीवरील ध्वनिपट्टी सापडली पण त्यापुढचे सत्र सापडले नाही किंवा मान्य झाले नाही, तर यंत्र ती सीडी संगीताची समजून गाणी वाजवण्याचा पडदा उघडते. दुसऱ्या सत्राच्या आरंभीचे १६ सेक्टर, ज्यांना आयपी-बिन म्हणतात, वाचले गेले आणि त्यांचा मथळा मान्य झाला, तर सेगाच्या परवान्याचा मजकूर असलेला पांढरा पडदा दिसतो. हा पांढरा पडदा म्हणजे फार मोठा पुरावा आहे. तो दिसला की यंत्रात मुभा आहे, लेसर निदान एवढा भाग वाचू शकतो आणि सत्रांची मांडणी ठीक आहे, या तीनही गोष्टी एका क्षणात सिद्ध होतात. तरीही असंख्य लोक तो पडदा पाहून, पुढे अंधार झाला एवढ्यावरून, लेन्स पुसावयास धावतात. पांढऱ्या पडद्यानंतरचा अंधार हा बहुतांशी प्रोग्रॅमच्या फाइलीचा दोष असतो. आणि खेळ सुरू होऊन मध्येच अडखळला, संगीत तुटू लागले किंवा नवा टप्पा उघडताना सर्व काही गोठले, तर मात्र दोष सीडीच्या द्रव्यात किंवा यंत्राच्या दृष्टीत शोधावा. दर वेळी आरंभी तारीख व वेळ विचारणारा पडदा येतो त्याचा या सर्वांशी काहीही संबंध नाही. आतील लहान बॅटरी संपल्याची ती खूण आहे, आणि तिच्यामुळे कोणतीही सीडी चालावयाची राहत नाही.

मेनू किंवा संगीताचा पडदा आला असता पहिला संशय सीडीच्या मांडणीवर घ्यावा, कारण सर्वांत अधिक चुका तेथेच होतात आणि त्या शोधण्यास खर्चही लागत नाही. सर्वांत साधी चूक ही, की डाउनलोड केलेली सीडीआय फाइल ‘प्रतिमा’ म्हणून न लिहिता एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे सीडीवर नुसती ठेवून दिली जाते. संगणकात अशी सीडी उघडल्यावर एकच प्रचंड फाइल दिसली, की या चुकीची रुजुवात झाली. सीडीआय हा डिस्कजगलर नावाच्या प्रोग्रॅमचा स्वतःचा प्रकार असल्यामुळे इतर प्रोग्रॅमना तो जोडप्रोग्रॅमवाचून समजत नाही, हेही ध्यानात असावे. डीव्हीडी तर या यंत्राला मुळीच वाचता येत नाही.

मांडणी पाहण्याचा एक उपाय केवळ डोळ्यांनी साध्य होणारा असून तो मला फार आवडतो. लिहिलेली सीडी दिव्याखाली तिरपी धरावी. रसायनाचा लिहिलेला आणि कोरा भाग यांच्या छटेत तफावत असते. ध्वनी व डेटा अशा दोन सत्रांची सीडी योग्य लिहिली गेली असेल तर मध्यछिद्राजवळ प्रथम एक अरुंद कडे, मग एक बारीक रेषा, आणि मग खेळाच्या आकारमानानुसार रुंद असा पट्टा दिसतो. रेषा नसून सलग एकच पट्टा असेल तर दुसरे सत्र लिहिलेच गेले नाही, आणि यंत्राला दोष देण्याचे कारण संपले. या अरुंद कड्यात काय असते त्याचा हिशेब ज्याला एकदा समजला तो पुन्हा या ठिकाणी चुकत नाही. पहिल्या सत्रात ३०२ सेक्टरांची एक मूक ध्वनिपट्टी असते. सीडीवर एका सेकंदाला ७५ सेक्टर लागतात, म्हणजे ही पट्टी जेमतेम चार सेकंदांची. सत्र मिटवण्यासाठी ६,७५० सेक्टर, पुढचे सत्र उघडण्यासाठी ४,५००, आणि त्यानंतरच्या मोकळ्या जागेचे १५०, असे ११,४०० सेक्टर मध्ये जातात. त्यांत ३०२ मिळवले की ११,७०२ हा आकडा येतो, आणि दुसऱ्या सत्रातील फाइलींची सर्व सूची याच आकड्यापासून मोजलेली असावी लागते. स्वतःची सीडी रचणारा मनुष्य सूची शून्यापासून मोजून करतो, किंवा ध्वनिपट्टी थोडी लांबवून सूची जुनीच ठेवतो. अशा सीडीवर सर्व मजकूर शाबूत असूनही यंत्र त्याच्या पत्त्यावर जाऊन पाहते तेव्हा तेथे भलतेच काही असते.

पांढऱ्या पडद्यानंतरच्या अंधाराचे प्रकरण याहून गहन आहे. खेळाचा मुख्य प्रोग्रॅम फर्स्ट-रीड-बिन या नावाच्या फाइलीत असतो, आणि आयपी-बिनमध्ये नोंदवलेले नाव व सीडीवरील नाव अक्षरशः एकच असावे लागते; पण तेवढ्याने भागत नाही. साध्या सीडीवरून प्रोग्रॅम उचलताना ड्रीमकास्ट त्याचे ३२ बाइटांचे तुकडे एका ठरलेल्या रीतीने उलटसुलट लावून घेते, आणि ही रीत फाइलीच्या लांबीवरून मुकर्रर होते. म्हणून सीडीवर तो प्रोग्रॅम आधीच विस्कटून ठेवावा लागतो, म्हणजे यंत्राच्या हातून तो पूर्ववत होतो. सुट्या पानांची पोथी ज्या क्रमाने उचलली जाणार आहे तो क्रम ठाऊक असलेल्या लेखकाने पाने आधीच तशी लावून द्यावीत, तसाच हा प्रकार आहे. कर्ता हे विसरला तर त्याचा प्रोग्रॅम संगणकावरील एम्युलेटरमध्ये उत्तम चालतो, केबलने थेट यंत्रात पाठवला तरी चालतो, आणि सीडीवरून मात्र अंधाराखेरीज काही दाखवत नाही. विस्कटल्यानंतर फाइलीत एका बाइटाची भर पडली तरीही हेच होते. ‘एम्युलेटरमध्ये चालते, म्हणजे सीडीच खराब’ असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो तो यामुळेच मला मान्य नाही.

आता द्रव्य. कारखान्यात छापलेल्या सीडीने लेसरचा किमान ७० टक्के प्रकाश परत द्यावा आणि लिहिण्याच्या सीडी-आरने किमान ६५ टक्के, असे प्रमाण आहे. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू मात्र १५ ते २५ टक्केच परत देते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आता थकलेल्या लेसरपुढे सीडी-आरडब्ल्यू ठेवणे म्हणजे अपयशाला आमंत्रण होय. प्रयोगासाठीही ती वापरू नये. सीडी-आरमध्येसुद्धा सर्वांचे रसायन एक नसते: सायनाइन, थॅलोसायनाइन आणि अझो या तीन कुळांची द्रव्ये निरनिराळ्या कारखान्यांनी वापरली, आणि एका यंत्राला एक मानवते तर दुसऱ्याला दुसरे. वेष्टनावरचे नाव येथे फारसे उपयोगी नाही, कारण एका कारखान्याचा माल अनेक नावांनी विकला जाई. आपल्या देशातील मोझर बेअर ही कंपनी, जी २०१८ साली अवसायनात निघाली, नोएडा परिसरातील आपल्या कारखान्यांतून परदेशी ब्रँडांनाही माल पुरवीत असे. खरी ओळख सीडीच्या कोऱ्या खाचेतच नोंदवलेली असते. एटिप नावाची ती नोंद रायटर वाचू शकतो, आणि टिपण करावयाचे तर वेष्टनाच्या नावाचे न करता तिचे करावे.

वेगाविषयी एक समज इतका रूढ आहे की त्याला छेद देणे मी कर्तव्य समजतो. जितके सावकाश लिहावे तितके उत्तम, हे १९९० च्या दशकातील सीडींविषयी खरे होते. परंतु ४८ किंवा ५२ पट वेगासाठी घडवलेल्या नंतरच्या सीडींचे रसायन वेगवान लेसरच्या क्षणिक उष्णतेला अनुरूप असते, आणि त्यांवर अतिमंद वेगाने लिहिल्यास खुणा उलट अस्पष्ट उमटू शकतात. ८ ते १६ पट हा मध्यम वेग प्रथम वापरावा, आणि तो बदलण्यापूर्वी दुसरे काहीही बदलू नये. सीडी हाताळताना चकचकीत बाजू जपण्याची सर्वांना सवय असते. वस्तुतः त्या बाजूस १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक कवच आहे आणि तिकडील बारीक ओरखडा लेसर बहुधा पार करतो, तर परावर्तक थर लेबलाच्या बाजूस नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो, तेव्हा टोकदार पेनने लेबलावर नाव लिहिणे हाच खरा घात होय.

राहिले यंत्र. त्याची परीक्षा तीन तबकड्यांनी करावी: एक मूळ जीडी-रॉम, एक छापील संगीताची सीडी, आणि एक आपण लिहिलेली. पहिल्या दोन्ही विनासायास चालल्या आणि तिसरी अडली, तर यंत्राला हात लावू नये. पहिलीच अडली, तर सीडीला बोल लावू नये. यंत्र मध्येच स्वतःहून मेनूवर परत येत असेल तर बहुतेक वेळा लेसर निर्दोष असतो आणि वीजपुरवठ्याच्या पट्टीवरून मुख्य पट्टीत येणाऱ्या उभ्या पिनांवर गंज चढलेला असतो. कोकणपट्टीच्या व मुंबईच्या दमट हवेत हे विशेष घडते. यंत्राची प्लगची वायर काढून, काही वेळ थांबून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पिना पुसल्या की ज्याला लोक सीडीचा दोष समजत होते तो नाहीसा होतो. लेन्सही त्याच द्रवाने, कापसाच्या मऊ बोळ्याने, दाब न देता पुसावी.

लेसरच्या पट्टीवर असलेला बारीक स्क्रू, ज्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात, त्याविषयी माझे मत कठोर आहे. तो फिरवून विरोध कमी केला की लेसरमधून अधिक प्रवाह जातो, अंधुक सीडीही काही काळ वाचली जाते, आणि लेसरचे उरलेले आयुष्य त्या प्रमाणात जळून जाते. सर्व यंत्रांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रत्येक लेसरचा मूळ आकडा कारखान्यात वेगळा बसवलेला असतो, आणि तो मोजून लिहून ठेवल्यावाचून स्क्रूला हात लावणारा मनुष्य परतीची वाट स्वतःच बुजवतो. मूळ जीडी-रॉमही अडखळू लागल्या, पिना पुसून झाल्या, लेन्स स्वच्छ झाली, आणि बदली यंत्रभाग मिळण्याची आशा उरली नाही, अशाच वेळी हा इलाज करण्यास मी संमती देईन. हल्ली तबकडीचा सर्व भाग काढून त्याजागी मेमरी कार्ड वाचणारी पट्टी बसवण्याचीही सोय झाली आहे, आणि ज्यांचा लेसर खरोखरच संपला आहे त्यांनी ती अवश्य करावी. परंतु चालू स्थितीतील यंत्राची फिरती तबकडी केवळ कंटाळ्यापोटी काढून टाकू नये, कारण नव्या खेळाच्या कर्त्याला आपली सीडी खऱ्या यंत्रावर चालते की नाही हे पाहण्याचे तेवढेच साधन आहे आणि अशी यंत्रे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

पुढील प्रकरणांचा क्रम याच पायऱ्यांप्रमाणे लावला आहे: प्रथम पडद्यावर काय दिसते, मग मांडणी, मग फाइल, मग द्रव्य, आणि सर्वांत शेवटी यंत्र. वाचकाने एक लहानशी टिपणवही सोबत ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तीत यंत्राच्या तळाचा आकडा, सीडीची एटिप नोंद, लिहिण्याचा वेग, वापरलेला प्रोग्रॅम आणि यंत्र ज्या पडद्यावर थांबले तो पडदा, एवढा तपशील प्रत्येक प्रयत्नापुढे असावा, आणि दोन प्रयत्नांत यांपैकी एकच बाब बदललेली असावी. न चाललेली सीडी फेकून देऊ नये. तिच्यावर मऊ टोकाच्या मार्करने टिपणवहीतील क्रमांक घालून ती ठेवून द्यावी, कारण ओळखीच्या कोणाकडे दुसरे ड्रीमकास्ट निघाले की तीच सीडी त्यात घालून पाहता येते, आणि ती तेथे चालली तर आपल्या यंत्राची तपासणी सुरू करण्यास तेवढा आधार पुरेसा असतो.